मदत हवी आहे: वजनकाट्यापर्यंत फायबर नेतोय, मीडिया कन्व्हर्टरला पोर्ट कुठलं घेऊ, एससी, एसटी की एसएफपी?

काटा_ऑफिस:
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं बघतो, प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत एकटाच. दिवाळीच्या आसपास गळीत सुरू होईल, त्याच्या आत काट्याचं नेटवर्क पक्कं करायचंय.

आमचा ऊसकाटा ऑफिसपासून साधारण ३२० मीटरवर आहे. आजवर कॅटसिक्स वायर होती, ती १०० मीटरच्या पुढं चालत नाही म्हणून खांबांवर पत्र्याच्या तीन डब्यांत स्विच बसवून पुढं नेलेली. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि तिन्ही स्विच, काट्याच्या पीसीचं लॅन पोर्ट, वर ऑफिसचा मेन स्विच असं सगळं एका रात्रीत गेलं. मधला डबा उघडला तर पोर्टातल्या पिना काळ्या पडून एकमेकींना चिकटलेल्या. हंगामात काट्याची लिंक गेली की पावत्या हातानं लिहायच्या, तोवर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग पार हमरस्त्यापर्यंत, आणि उन्हात थांबलेला ऊस वाळतो, वजन घटतं, ते नुकसान थेट शेतकऱ्याचं. मागच्या हंगामात एक म्हातारे बाबा सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत गाडीवर बसून होते, ते डोळ्यासमोरून जात नाही.

आता काट्यापर्यंत ६ कोरची (सहा काचतंतूंची) सिंगल मोड, म्हणजे लांब अंतरासाठीची, आर्मर्ड केबल टाकून झालीय. जोडणी गावातल्या केबलवाल्यानं करून दिली, दोन्ही टोकांच्या डब्यात चौकोनी एससी कनेक्टर आहेत, हिरव्या रंगाचे. काट्यावर एक पीसी, दोन आयपी कॅमेरे.

दुसरी भानगड साखर गोदामाची. तिथं आधीपासून केशरी फायबर आहे, साधारण ४५० मीटर, वरच्या कव्हरवर ६२.५/१२५ असं छापलंय, कनेक्टर गोल, दाबून पिळायचे. तिचे जुने कन्व्हर्टर, म्हणजे फायबरचा सिग्नल लॅनच्या वायरवर आणणारे डबे, पण विजेत गेले. गोदामात एक पीसी आणि एक कॅमेरा.

दुकानदारानं कन्व्हर्टरचे तीन प्रकार सांगितले: दोन फायबरचा फिक्स एससी, एकाच फायबरवर चालणारी ए आणि बी अशी जोडी, आणि एसएफपीची खाच असलेला, ज्यात मॉड्यूल वेगळं घ्यावं लागतं. वर म्हणाला कुठलाबी घ्या, सगळे चालतात. माझा विश्वास बसत नाहीये. दोन्हीकडं एकच माल घेऊन चालेल का? चुकीचं आणलं तर परत पैसे मंजूर करून घ्यायला महिना जाईल.

प्रकाशवाट:
दादा, सगळे चालत नाहीत, बरं झालं आधी विचारलंत. पोर्टाचा आकार ही सगळ्यात सोपी गोष्ट, तो पॅचकॉर्डनं, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या छोट्या तयार केबलनं, जुळवता येतो. जमिनीत कुठली काच आहे आणि दोन्ही टोकांचा स्पीड व वेव्हलेंग्थ (प्रकाशाची तरंगलांबी) एक आहे का, हे पॅचकॉर्डनं जुळत नाही.

आधी गोदाम, कारण चूक तिथंच होणार. ६२.५/१२५ म्हणजे जुनी मल्टिमोड, जाड गाभ्याची, कमी अंतरासाठीची. तिच्यावर ८५० नॅनोमीटरचं गिगाबिट, ज्याला एसएक्स म्हणतात, ते कागदोपत्रीसुद्धा २२० ते २७५ मीटरच जातं. तुमचं ४५०. लाइट लागेल, कदाचित दोन दिवस चालेल पण, मग पॅकेट गळायला लागतील आणि तुम्ही पीसीला दोष देत बसाल. तिथं १०० एमबीपीएसचे मल्टिमोड कन्व्हर्टर घ्या, १०० बेस एफएक्स, १३०० नॅनोमीटरवाले, २ किलोमीटरपर्यंत चालतात. एका पीसीला आणि एका कॅमेऱ्याला १०० भरपूर झालं. तुमचे पिळायचे कनेक्टर म्हणजे एसटी. कन्व्हर्टर एसटीचा मिळाला तर थेट जोडा, पण मी एससीचा घेईन आणि एसटी ते एससी पॅचकॉर्ड लावीन, कारण ऐन हंगामात एक गेला तर एससीचा चटकन मिळतो. पॅचकॉर्ड मात्र ६२.५ चीच हवी, पिवळी सिंगल मोडची अजिबात लावू नका.

आता काटा. तुमच्या नव्या मेन स्विचला एसएफपीच्या खाचा आहेत का ते आधी बघून सांगा.

काटा_ऑफिस:
आत्ताच बघून आलो. चार आहेत, प्लॅस्टिकची टोपणं लावलेली. मला वाटलं त्या मोठ्या कंपन्यांसाठी असतात.

प्रकाशवाट:
मग काट्यासाठी कन्व्हर्टरच नको! ऑफिसला मॉड्यूल थेट मेन स्विचमध्ये घाला, आणि काट्यावर एसएफपी खाचेचा छोटा पीओई स्विच (लॅनच्या वायरीतूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) बसवा, त्यावरच पीसी आणि दोन्ही कॅमेरे. कन्व्हर्टरचे दोन डबे आणि त्यांचे विजेचे दोन अडॅप्टर कमी. आमच्याकडं काच क्वचित बिघडते, अडॅप्टर दरवर्षी जातात.

मॉड्यूल दोन्ही टोकांना एकच: सिंगल मोडचं गिगाबिट एलएक्स, १३१० नॅनोमीटर, १० किलोमीटरवाले. त्याला एलसी पोर्ट असतं, एससीपेक्षा निम्म्या आकाराचं. १०० एमबीचं मॉड्यूल गिगाबिटवाल्यासमोर लावलंत तर लिंक येणारच नाही. ए-बी जोडी वाईट नाही, एक बाजू १३१० वर पाठवते, दुसरी १५५० वर, पण ए समोर बीच लागतो, दोन्ही ए आले की काम ठप्प. तुमच्याकडं सहा कोर आहेत, मग दोन फायबरचंच घ्या, म्हणजे कपाटातलं एक जादा मॉड्यूल कुठल्याही टोकाला चालेल.

फायबरमिस्त्री:
सिंगल मोडच्या बाबतीत एक राहिलं. हिरवे कनेक्टर म्हणजे एपीसी, त्यांचं तोंड ८ अंशात तिरकं घासलेलं असतं. घराघरात ब्रॉडबँड देताना हेच वापरतात म्हणून केबलवाल्याच्या पिशवीत हेच असणार. निळे सरळ तोंडाचे, आणि एलएक्स मॉड्यूलला तेच लागतं. हिरव्यासमोर निळा घातला तर मधे फट राहते, प्रकाश वाया जातो, तोंडं पण खराब होतात. पुन्हा स्प्लाइस करायची (काच वितळवून जोडायची) गरज नाही, एका टोकाला हिरवा एससी आणि दुसऱ्या टोकाला निळा एलसी अशी तयार पॅचकॉर्ड मिळते, दोन्ही बाजूंना तीच लावा. लिंक आली नाही तर आधी एका टोकाचे दोन फायबर अदलाबदल करून बघा. आणि फायबरला डोळा लावून बघू नका, १३१० चा उजेड दिसत नाही.

तुमचं मूळ दुखणं विजेचं, म्हणून सांगतो: काचेतून करंट जात नाही, पण आर्मर पोलादाचं आहे, त्यातून जातो. ते थेट रॅकपर्यंत आणलंत तर परत तेच होईल. इमारतीत शिरतानाच आर्मर सोलून तोडा, अर्थिंगला जोडा, आत फक्त काच न्या.

काटा_ऑफिस:
आर्मर आत्ता रॅकच्या लोखंडाला क्लॅम्प करून ठेवलंय! उद्या सकाळी आधी तेच काढतो. मॉड्यूल तीन, हिरवी-निळी पॅचकॉर्ड तीन, पीओई स्विच एक, गोदामासाठी १०० चे एससी मल्टिमोड कन्व्हर्टर तीन म्हणजे एक जादा, अशी यादी केलीय. गोदामाची जुनी केबल मधे एका ठिकाणी नांगरानं वर आलीय, ती टेस्ट करून घेतो आणि किती लॉस (वाटेत वाया जाणारा प्रकाश) येतोय तो आकडा इथं टाकतो, मगच तिचे कन्व्हर्टर मागवीन.