मदत हवी आहे : सड्यावर इंधनाच्या टाक्या येण्याआधी विहिरींच्या पाण्याची नोंद कशी करून ठेवावी?

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आहे. गावाच्या माथ्यावरील सड्यावर (जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर) पेट्रोल-डिझेल साठवणुकीचे टर्मिनल उभारण्याचा प्रस्ताव असून जागेची मोजणीही झाली आहे. प्रकल्प हवा की नको, हे ग्रामसभा ठरवील. मला विचारायचे आहे ते केवळ पाण्याबद्दल.

जांभ्यात पावसाचे पाणी भराभर मुरते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांवाटे बाहेर पडते. आमच्या वाडीच्या चारही विहिरी याच झऱ्यांवर आहेत. सहा वर्षांपूर्वी वरच्या एका चिरेखाणीत डिझेलचे पिंप कलंडले. मे महिना होता, तेल दगडात जिरून गेले, त्यामुळे कोणी फारसे मनावर घेतले नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र कळशीच्या तोंडाशी रंगीत तवंग दिसू लागला आणि त्या तांब्याच्या कळशीचा वास चिंचेने घासूनही दिवाळीपर्यंत गेला नाही. ते पिंप जेमतेम 200 लिटरचे होते.

तवंग निदान डोळ्यांना दिसतो. पेट्रोलमधील बेंझीन पाण्यात विरघळते आणि दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. म्हणून बांधकामाआधीच, एकदा एप्रिलअखेरीस आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर, चारही विहिरींचे नमुने तपासून घ्यावेत असा विचार आहे. नमुना काचेच्या बाटलीत, आत हवेचा बुडबुडा न ठेवता भरावा आणि थंड ठेवून पोहोचवावा, इतपत माहिती मिळाली आहे. परंतु पुढे वाद झाल्यास हा अहवाल ग्राह्य धरला जावा यासाठी नमुने घेताना कोणाची उपस्थिती व पंचनामा आवश्यक आहे? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे ग्रामपंचायतीने ठराव करून मागणी केल्यास उपयोग होतो का?

दुसरी शंका टाक्यांभोवतीच्या बांधाबद्दल आहे. सर्वांत मोठ्या टाकीतील सगळे तेल त्या आवारात मावले पाहिजे, असा दंडक आहे. आता 100 मीटर बाय 80 मीटरच्या आवारात एका दिवसात 200 मिलिमीटर पाऊस पडला (आमच्याकडे जुलैत हे नवल नाही), तर 16 लाख लिटर पाणी साचते. ते साचू दिले तर तेलासाठी जागा उरत नाही. बाहेर सोडायचे तर बांधातील निचऱ्याची झडप उघडावी लागते, आणि नेमकी तेव्हाच गळती झाली तर तेल थेट पऱ्याला (ओढ्याला) लागणार. कोकणात किंवा किनारपट्टीवर अन्यत्र अशा ठिकाणी काम केलेल्यांनी पावसाळ्यात ही झडप प्रत्यक्षात कशी हाताळली जाते, हे कृपया सांगावे.

इंग्लंडमध्ये बन्सफील्ड येथील इंधन साठवणूक केंद्रात डिसेंबर 2005 मध्ये टाकी ओसंडून स्फोट व आग झाली, तेव्हा बांध गळले आणि इंधनाबरोबर आग विझवण्याच्या फेसाचे पाणीही भूजलात गेले. त्यामुळे फेसातील रसायनांची चाचणीही आताच करून ठेवावी का, आणि आवाराच्या तळाशी अभेद्य अस्तराची अट जनसुनावणीत नेमक्या कोणत्या शब्दांत मांडावी, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे. निरीक्षण विंधनविहिरी (भूजलात तेल उतरते का हे तपासण्यासाठीच्या बोअरवेल) कंपनी स्वतःच्या कुंपणाच्या आत घेईल असे दिसते. माझ्या मते त्या कुंपण आणि झरे यांच्या मधल्या उतारावर हव्यात. यात माझी काही चूक होत असल्यास तीही दाखवावी.