दही, सेरोटोनिन आणि पार्किन्सन

एकांनी लिहिलंय की शरीरातलं जवळपास ९० टक्के सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन) आतड्यात तयार होतं, तेव्हा रोज वाटीभर दही खा, नैराश्य पळेल. आकडा बरोबर, निष्कर्षाची मात्र घाई झाली. आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो. आतड्यातल्या जिवाणूंचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो तो व्हेगस मज्जातंतू (आतडं आणि मेंदू जोडणारी नस), प्रतिकारशक्ती, जिवाणूंनी बनवलेली ब्युटिरेटसारखी आम्लं अशा वाटांनी.

आतडं आणि मेंदूच्या नात्याचं यापेक्षा ठोस उदाहरण म्हणजे पार्किन्सन, हालचाली बिघडवणारा मेंदूचा आजार. गिरगावातले आमचे काका हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून रोज रात्री इसबगोल घ्यायचे. बद्धकोष्ठता हे या आजाराचं काही वर्षं आधी दिसणारं लक्षण असू शकतं. (लगेच घाबरू नका, नाहीतर अर्धी मुंबई न्यूरोलॉजिस्टकडे रांग लावेल.) २०१६ साली अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्फा-सिन्युक्लिन (पार्किन्सनमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) जास्त बनवणाऱ्या उंदरांच्या आतड्यात पार्किन्सनच्या रुग्णांचे जिवाणू सोडले. निरोगी माणसांचे जिवाणू दिलेल्या उंदरांपेक्षा त्यांच्या हालचाली जास्त बिघडल्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आहेच.

औषधाचीही तीच गत. पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडतं, म्हणून लेव्होडोपा हे औषध देतात, त्याचं मेंदूत डोपामिन होतं. पण आतड्यातला एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा जिवाणू लेव्होडोपाचं आतड्यातच डोपामिन करून टाकू शकतो, आणि ते डोपामिन मेंदूत जात नाही. शिवाय जेवणातली प्रथिनं या औषधाच्या शोषणाच्या आड येतात: मुगाची उसळ आणि गोळी एकदम झाली की काकांना शर्टाची बटणंही लागत नाहीत. आता डॉक्टरांना विचारून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी देतो.