पहाटेची झोप 'फुकट' म्हणे!

सातपूर_सेकंडशिफ्ट: काल इथे पोस्ट पडली, पहाटे 4 नंतरची झोप म्हणजे नुसती स्वप्नं, मेंदूला आराम शून्य, सगळ्यांनी उठून गोदाघाटावर चालायला या. अहो काका, साधारण 90 मिनिटांचं एक चक्र असतं, सुरुवातीला त्यात आरईएम, म्हणजे ठळक स्वप्नांची झोप, जेमतेम काही मिनिटं आणि पहाटेकडे ती लांबत जाते. पापण्यांआड डोळे सैरावैरा, भावनांचा अमिग्डाला जोरात, तर्क लावणारा पुढचा मेंदू ढिला, म्हणून तर वारलेली आजी स्वप्नात चहा देते आणि आपल्याला काही वाटत नाही. हातपाय लुळे, श्वासाचा पडदा आणि डोळे तेवढे चालू. एवढा कारभार चालतो आणि म्हणे फुकट! मी 1 ला झोपतो, 4 ला उठलो तर कापली जाणार ती हीच झोप.

गोदाघाट_पहाटफेरी: मग 1 ला झोपता कशाला? वडील जन्मभर 4 ला उठले, नव्वदीत गेले. स्वप्नं रात्री मिसळ चापली की पडतात. ही आरईएमची फॅडं मोबाईलवाल्यांची.

सातपूर_सेकंडशिफ्ट: 1953 ला शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन या झोपेच्या संशोधकांनी छापलंय हे. तेव्हा कुठला मोबाईल? आणि झोपतो कशाला ते आमच्या सुपरवायझरला विचारा.

सिडकोची_ताई: मला जाग येते पण हलताच येत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं. सासूबाईंनी लिंबू उतरवलं, नाईट ड्युटी लागली की परत तेच.

सातपूर_सेकंडशिफ्ट: ताई, मेंदू जागा झाला, पण अंगाचा लुळेपणा सुटला नाही, एवढंच. झोपेच्या वेळा बिघडल्या की जास्त होतं. लिंबाचं सरबत करा.

निफाड_थॉमसन: चालणं काय, लिंबू काय! आमच्या मोटरला लाईटच रात्री मिळते, थंडीत पारा उतरला की पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या. आमची आरईएम कोण मोजणार?

कॉलेजरोड_थेट: सवलतीत वीज घ्यायची, वर झोपही पाहिजे. दुपारी झोपा की.

निफाड_थॉमसन: दादा, बिबट्या फिरतोय त्या उसाकडेनं रात्री 2 ला बॅटरी घेऊन पाणी भरून दाखव, मग बोल. आणि दुपारी पत्र्याखाली झोपून बघ. शेजारी ट्रॅक्टर, पोरं, व्यापाऱ्याचे फोन.

सातपूर_सेकंडशिफ्ट: दुपारची भरपाई पूर्ण होत नाही हे खरंय, शरीराचं घड्याळही आरईएम पहाटेकडेच ढकलतं. पण लाईटचा विषय वेगळा काढा ना.

गोदाघाट_पहाटफेरी: 9 ला झोपणाऱ्याची चक्रं 4 पर्यंत बरीचशी उरकतात, हे तरी माना.

सातपूर_सेकंडशिफ्ट: मानलं. पेन्शनवाल्यांना सगळंच जमतं.

गोदाघाट_पहाटफेरी: पेन्शन काढायचं कारण नव्हतं.

निफाड_थॉमसन: वेगळा विषय काढला की कुणी वाचत नाही. कॉलेजरोडवाले, उत्तर द्या, येताय का रात्री?