इंदूरात मेपल लावता येईल का? आडोसा पण हवाय आणि रंग पण

शेवपोहे
नमस्कार मंडळी, घर अन्नपूर्णा रोडकडे. मागे आईचं अंगण आहे साधारण २५ बाय ३० फूट, त्याला लागून इतकी वर्षं रिकामा प्लॉट होता, तिथे आता तीन मजली बिल्डिंग झाली आणि सगळ्या बाल्कन्या आमच्याच अंगणात डोकावतात, त्यामुळे आईचं थंडीत उन्हात बसून मटार सोलणं बंद झालंय. दादा मिशिगनला असतो, त्याने ऑक्टोबरमधले लालभडक मेपलचे फोटो पाठवले तेव्हापासून आईच्या डोक्यात तेच, की भिंतीला लागून पाच-सहा मेपल लावू, आडोसा पण होईल आणि रंग पण. मी ऑनलाइन बिया पण मागवल्या, १९९ रुपयांत लाल आणि निळा मेपल असं मिक्स पाकीट. माती काळीच आहे. लावू का?

बागुलबुवा
निळा मेपल नावाची गोष्ट पृथ्वीवर नाही, ते फोटोत रंगवलेलं असतं. १९९ गेले म्हणा.

लाल असतील खरे तरी सोपं नाहीये. जपानी मेपलचं बी फ्रिजमध्ये ओल्या वाळूत तीन-चार महिने ठेवावं लागतं, त्याशिवाय ते जागंच होत नाही. आणि समजा रोप आलं, तरी पान लाल व्हायला काय लागतं बघा. दिवस लहान झाले आणि रात्री गार पडल्या की झाड पानातलं हरितद्रव्य मोडायला काढतं, मग आधीपासून पानात असलेला पिवळा दिसायला लागतो, आणि लाल तर त्या वेळी नव्याने तयार होतो, त्याला दिवसा लख्ख ऊन आणि रात्री चांगला गारवा (पण कडक दव-बर्फ नको) असं दोन्ही लागतं. आपल्याकडे ऑक्टोबरात काय असतं, ऑक्टोबर हीटच की. जानेवारीत रात्री १०-११ ला उतरतात पण दुपारी परत २५-२६.

उष्णतेचं म्हणाल तर लाल मेपल फ्लोरिडात पण रानात उगवतो, म्हणजे नुसत्या गरमीने मरत नाही. पण तिकडे दमट हवा आणि ओली आंबट जमीन. आपली काळी माती अल्कलाइन, त्यात त्याची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि मे मधली ४२-४३ ची कोरडी लू लागली की पानांच्या कडा पापडासारख्या करपतात. भिया, ते फॉल कलर नाही, ते भाजणं आहे.

खराटा_ओहायो
मी ओहायोत असते, माहेर ग्वाल्हेरचं. मेपलचं कौतुक मला पण आहे, दारात एक आहे, पण आडोशासाठी? अहो रंग टिकतो दोन-तीन आठवडे, नंतर नोव्हेंबर ते एप्रिल नुसते खराटे, शेजाऱ्यांच्या किचनमध्ये काय शिजतंय ते पण दिसतं. म्हणजे तुमच्या आईंना नेमकं थंडीत उन्हात बसायचंय आणि झाड नेमकं थंडीत उघडं. इथे सगळे मागच्या कुंपणाला सदाहरित काहीतरी लावतात, आम्ही आर्बर्व्हिटी लावलेत, आपली मोरपंखी त्याच कुळातली. मेपल समोर एकटा, शोभेला. शिवाय मुळं वर वर पसरतात, सिल्व्हर मेपलची तर फारच, भिंतीजवळ लावायचं झाड नव्हेच ते.

बडोद्याची_माई
अगदी बरोबर, रंगाचं झाड वेगळं आणि पडद्याचं वेगळं.

पडद्याला उभा अशोक (आमच्याकडे आसोपालव) चार-चार फुटांवर. दिसतो कॉलेजच्या गेटसारखा पण काम करतो. त्याच्या खाली मधे कामिनी लावा, ती आठ-दहा फूट होते, कापता येते आणि पावसाळ्यात वास काय येतो! कोणी नर्सरीवाला कोनोकार्पस गळ्यात मारेल, नका घेऊ, भराभर वाढतो म्हणून इथे सगळीकडे लावला होता, शेवटी २०२३ मध्ये गुजरात सरकारने लावायलाच बंदी घातली. पिवळी कण्हेर पण छान दाट होते पण विषारी असते, घरात लहान मूल असेल तर नकोच.

रंगाला ताम्हण घ्या. थंडीत पानं गळायच्या आधी तांबूस-लाल होतात, उन्हाळ्यात जांभळी फुलं. बदामाची पानं तर याहून लाल होतात, पण तो आडवा मजल्या-मजल्याने पसरतो, २५ फुटांत सगळं अंगण खाईल.

बागुलबुवा
माईंना अनुमोदन. एकच भर घालतो, आपल्याकडचा खरा रंग फाल्गुन-चैत्रात असतो आणि तो गळणाऱ्या पानांचा नसून नव्या पालवीचा असतो. कुसुमाचं झाड मार्चमध्ये बघा कधी, पूर्ण लाल, लांबून फुललंय असंच वाटतं. पिंपळाची कोवळी पानं तांब्यासारखी, मोहाची पण तशीच. कुसुम मोठा होतो आणि सावकाश वाढतो, अंगणात नाही बसणार, पण काकूंना एकदा सातपुड्यात नेऊन दाखवा.

शेवपोहे
सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवलं, खराट्यावर हसली आणि पटलं तिला. भिंतीला अशोक आणि कामिनी, पावसाळा सुरू झाला की लावतो, ताम्हण भिंतीपासून लांब, नळाच्या बाजूला कोपऱ्यात. माई, काळ्या मातीत खड्ड्यात वाळू टाकू का?

बडोद्याची_माई
नुसती वाळू नको रे, शेणखत भरपूर घाल आणि खड्डा भरताना मध्ये जरा उंच ठेव, काळ्या मातीत जुलैमध्ये पाणी साचून मुळं कुजतात, तहानेने त्यापेक्षा कमी मरतात. पहिले दोन उन्हाळे मात्र पालापाचोळा अंथरून पाणी दे, भेगा पडायच्या आत.

शेवपोहे
नक्की. ओल्या वाळूतल्या बिया मी वाचून लगेच फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, मेथीच्या डब्याशेजारी. आई रोज विचारते हे चिखलाचं काय ठेवलंयस. आता निळं काय निघतं ते बघूनच टाकतो.