अनुभव धागा : दुसऱ्या जगात गेलेली मुले खरोखर गेली होती का?

परवा भाचीला ॲलिसची गोष्ट वाचून दाखवली. सशामागे बिळात उतरलेली ॲलिस शेवटी नदीकाठी बहिणीच्या मांडीवर जागी होते, हे कळताच भाची रागावून म्हणाली, "म्हणजे ती गेलीच नव्हती?" हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात ही गोष्ट प्रथम वाचली, तेव्हा माझाही असाच विरस झाला होता. अशा गोष्टींतला प्रवास खरा असावा की स्वप्न? आपले अनुभव अवश्य लिहावेत.

पूर्वभागकर
ताई, माझा विरस १९५० सालच्या एका इंग्रजी पुस्तकाने भरून काढला. युद्धकाळात लंडनहून खेड्यातल्या मोठ्या घरी पाठवलेली चार भावंडे कपाटातून नार्निया नावाच्या जादुई जगाच्या बर्फात पोहोचतात, तिथे वर्षानुवर्षे राज्य करतात आणि परततात, तेव्हा इकडे क्षणही सरलेला नसतो. मला मात्र त्याहून मोलाचा वाटला तो घरातल्या वृद्ध प्राध्यापकांचा प्रसंग. धाकटी ल्यूसी खोटे बोलते, असे मोठी भावंडे सांगतात, तेव्हा ते विचारतात की ती एरवी खरे बोलते ना, आणि वेडी तर दिसत नाही. मग ती खरेच सांगत असली पाहिजे. आमच्या घरी दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट असे आणि मुलांचे म्हणणे शांतपणे ऐकायला मोठ्यांना सवड नसे, म्हणून ते पान मी पुन्हा पुन्हा वाचत असे.

सिद्धेश्वर पेठ
ओझ या जादुई देशाच्या गोष्टीत, १९०० सालच्या मूळ पुस्तकात, डोरोथी ही मुलगी खरोखरच वादळात उडून जाते. ते स्वप्न ठरवले १९३९च्या चित्रपटाने. मूळ पुस्तकच मुलांना द्यावे.

अम्मम्माची नात
आमची अम्मम्मा विड्या वळताना तेलुगूत बकावलीच्या फुलाची गोष्ट सांगत असे. राजपुत्र परीच्या बागेतून फूल आणतो आणि आंधळ्या बापाला दृष्टी येते. बापाला दिसू लागल्यावर तो गेला होता की नाही, हे विचारण्याची गरजच आम्हा नातवंडांना कधी भासली नाही. माझ्या मते परीकथेने असा पुरावा दिला पाहिजे.

होम मैदान
मी थोडा वेगळा विचार मांडतो. ॲलिसच्या गोष्टीतल्या, पानोपानी शिरच्छेदाचे हुकूम सोडणाऱ्या राणीची मला इतकी भीती वाटे की, ते सगळे स्वप्न होते हे वाचून मी निर्धास्त झोपलो. भित्र्या मुलांनाही त्या जगांत जाता आले पाहिजे.

पूर्वभागकर
दादा, हे पटले. ताई, ॲलिसचे १८७१ सालचे दुसरे पुस्तकही भाचीला वाचून दाखवावे. त्यात ती आरशातून पलीकडे जाते आणि शेवटी ते स्वप्न तिचे होते की तिथे झोपलेल्या तांबड्या राजाचे (बुद्धिबळातल्या सोंगटीचे), हा प्रश्न वाचकालाच विचारलेला आहे. भाची काय उत्तर देते, ते इथे जरूर कळवावे.