एमओटी माफ असली तरी तपासणी हवीच
१९८२ची फोक्सवॅगन टी२५ कॅम्पर (आत राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली व्हॅन) घेतलीय आणि ब्रिटनमध्येच फिरवायचीय, असं तुम्ही लिहिलंय. गंज आणि इंजिनबद्दल इतरांनी बरंच सांगितलंय, पण माझ्या मते आधी पेट्रोलचे रबरी पाइप बदला. ४० वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला तिथे एमओटी (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) लागत नाही, म्हणजे दरवर्षी गाडीखाली वाकून बघणारं दुसरं कुणी उरत नाही. तरीही स्वतःहून एमओटी करून घ्याच.

२०२१पासून तिथलं साधं पेट्रोल ई१० आहे, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. त्यातल्या इथेनॉलने जुनं रबर खराब होतं. पाइप बोटांत धरून वाकवा; बारीक भेगा दिसल्या किंवा बोटाला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका. इंजिन मागे असल्याने आग लागली तर चालकाला उशिरा कळते. नवा पाइप इथेनॉलला टिकणाराच घ्या, क्लिपाही नव्या.

टायरची नक्षी चांगली दिसली म्हणून फसू नका, टायरचं वय बघा. कडेच्या चार आकडी शिक्क्यावर २३१६ असेल तर तो २०१६च्या २३व्या आठवड्यातला आहे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

आणि आतल्या शेगडीचा गॅस! एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. त्यासाठी तळाला भोकं असतात. थंडी येते म्हणून आधीच्या मालकाने ती गालिच्याखाली बुजवली नाहीत ना, हे आजच बघा. गॅसच्या पाइपचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा लावा.