घरामागं हॉकीच्या शूटिंग प्रॅक्टिससाठी ताडपत्री कशी बनवायची?

कळंबेकर_पप्पा

नमस्कार मंडळी. पोरगी आठवीत आहे, दोन वर्षं झाली हॉकी खेळते, आठवड्यातनं चार दिवस कोल्हापुरातल्या मेजर ध्यानचंद स्टेडियमला सरावाला असते. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला स्पेनविरुद्धच्या ब्राँझच्या मॅचमध्ये भारताच्या कॅप्टन हरमनप्रीतनं पेनल्टी कॉर्नरवर दोन्ही गोल मारले ते बघितल्यापासनं घरात दुसरा विषय नाही, उठता बसता ड्रॅग फ्लिक, म्हणजे स्टिकच्या हूकमध्ये बॉल ओढत नेऊन उचलून फेकायचा. मैदानावर पोरी भरपूर आणि गोलपोस्ट दोन, त्यामुळं एकीच्या वाट्याला धड दहा शॉट पण येत नाहीत, मग घरी आली की "पप्पा मी मागं जरा मारतो" म्हणून जी जाते ती अंधार पडेपर्यंत.

अडचण अशी की ती मारते भिंतीवर आणि बॉल तितक्याच जोरात परत येतो. परवा नडगीवर बसला, अंड्याएवढं टेंगूळ आलंय. त्याआधी शेजारच्या काकूंची तुळशीची कुंडी फुटली, मी दुसऱ्या दिवशी पापाच्या तिकटीवरनं नवीन आणून दिली, काकू काही बोलल्या नाहीत पण पोरगी दोन दिवस त्यांच्या समोर गेली नाही.

जागा १४ फूट रुंद, २४ फूट लांब, खाली कोबा. मागं आठ फुटी भिंत, एका अंगाला आमचं घर, दुसऱ्या अंगाला काकूंचं पाच फुटी कंपाउंड. नेटवर तयार शूटिंग टार्प बघितले, चार कोपऱ्यात भोकं आणि मधी गोलकीपरचं चित्र, साईज ६ बाय ४ फूट. तसलं घ्यावं का इथंच बनवून घ्यावं? कापड कुठलं, भोकं केवढी, बांधायचं कसं? बजेट तीन-साडेतीन हजार. आमच्या गल्लीत सगळे फुटबॉलवाले, हॉकीचं विचारायला कोण नाही म्हणून इथं लिहितोय.

जुना_राइटआउट

दादा पहिली गोष्ट, ते तयार टार्प घेऊ नका. ते आइस हॉकीचं आहे, बर्फावरच्या. त्यांचा गोल असतोच ६ बाय ४ फूट आणि बॉलच्या जागी चपटी रबरी चकती, पक. आपला गोल १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच, मीटरमध्ये ३.६६ बाय २.१४. सहा फुटी टार्पवर पोरगीनं वर्षभर कोपरे मारले तर तिच्या हाताला सवय लागणार गोलच्या मधल्या भागाची, म्हणजे बरोबर गोलकीपरच्या पॅडवर. तुमची रुंदी १४ आहे ना, मग पूर्ण साईजचा गोल बसतोय, कमी करू नका.

दुसरं म्हणजे तुमची लांबी नशिबानं मिळाल्यासारखी आहे. पेनल्टी स्ट्रोकचा, म्हणजे समोर नुसता गोलकीपर असताना मारायच्या शॉटचा, स्पॉट गोललाइनपासनं ६.४० मीटरवर, म्हणजे २१ फूट. ताडपत्री भिंतीपासनं दोन फूट पुढं टांगली की समोर २२ फूट राहतात. कोब्यावर ६.४० ला ऑइल पेंटचा ठिपका मारा आणि तिथनं पुश आणि फ्लिक करू द्या, स्ट्रोकला तसं पण हिट चालतच नाही. खऱ्या पेनल्टी कॉर्नरला बॉल सर्कलच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोल रेषेच्या, वर १४.६३ मीटरवर थांबवतात, ती लांबी घरात मिळणार नाही, पण ड्रॅगमध्ये पाय कसे पडतात, बॉल हूकमध्ये किती वेळ राहतो, मनगट कुठं सुटतं हे २१ फुटात पण पक्कं होतंय. फुल स्विंगची हिट मात्र घरात बंद म्हणजे बंद. बॉल १६० ग्रॅमच्या आसपासचा असतो आणि दगडासारखा कडक, तो काकूंच्या अंगणात गेला तर या वेळी कुंडीवर भागणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताडपत्री ताणून बांधू नका. लोक तंबू ठोकल्यागत चारी बाजूंनी कचकून बांधतात, बॉल ढोलावर आपटल्यासारखा उलटा येतो आणि मग भिंत काय वाईट होती असं होतं. ती पडद्यासारखी लोंबली पाहिजे. बॉल बसला की धप्प आवाज येऊन पायथ्याला मेल्यासारखा पडला म्हणजे बरोबर टांगलीय.

शिवाजीपेठ_०७

एवढं कशाला, डिजिटल बोर्डचं जुनं फ्लेक्स आणा की. आपल्याकडं वाढदिवसाचे बोर्ड उतरले की ढिगानं मिळतंय, फुकटात काम.

शिवणवाला

फ्लेक्सचा मी अनुभव सांगतो, आमचं ताडपत्री शिवायचं काम आहे, ट्रकच्या हौद्याच्या आणि उसाच्या ट्रॉलीच्या. फ्लेक्स पावसात भिजलं तर काय होत नाही पण उन्हात वर्षभर राहिलं की कडक होतंय, मग भोकाच्या कडेला बॉल बसला की तिथनं टर्रकन फाटत जातंय. निळी-पिवळी पातळ प्लास्टिकची ताडपत्री असते, गुऱ्हाळावर चिपाडावर झाकतात ती, तिचं पण तेच, एका उन्हाळ्यात तंतू सुटतात. सुती कॅनव्हास मजबूत, पण ओला गुंडाळून ठेवला की कुजतो आणि आपल्याकडचा पाऊस बघता तो वाळणार कधी. तुम्ही पीव्हीसी कोटिंगची जाड घ्या, ट्रकवर टाकतात ती, ५०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ५०० ग्रॅम) वरची. नवीन परवडत नसेल तर ट्रकवाल्यांची उतरवलेली घ्या, मधला भाग चांगला असतो, फाटलेल्या असतात त्या कडा.

भोकं पाडताना चौकोनी कोपरा ठेवू नका. चौकोनाच्या कोपऱ्यातनंच चीर पळते, म्हणून जेवणाचं ताट ठेवून गोलाई आखायची आणि मग कापायचं. कडेला दीड इंची नायलॉनचा पट्टा, दप्तराला असतो तसला, दोन्ही बाजूनं दुमडून डबल शिलाई. घरच्या मशीनवर होणार नाही, सुई मोडेल, ताडपत्रीवाल्याकडंच टाका.

वर नेफा शिवून पाइप घालू नका असं माझं मत आहे. नेफ्यात कापड पाइपला धरून बसतंय आणि सगळा झटका शिलाईवर येतोय. त्यापेक्षा दर फुटाला पितळी डोळे, म्हणजे दोरी ओवायच्या रिंगा, पाडून घ्या आणि दोरीच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बांधा, पंक्चरवाला पिशवीभर देतोय. बॉल बसला की ट्यूब ताणते आणि परत जागेवर येते, डोळे उपसत नाहीत. ट्यूब उन्हानं चिरकली की नवी पट्टी.

गोलीताई

मी अकरा वर्षं गोलकीपिंग केलंय, त्यामुळं मी पलीकडच्या बाजूनं सांगते. चारी भोकं सारखी करू नका.

खालची दोन आधी. आपला बॉल बहुतेक वेळा जमिनीवरनं येतो, म्हणून खालच्या भोकाला खालची पट्टी ठेवायची नाही. ताडपत्रीचा खालचा कोपराच कापून टाकायचा, दाराची चौकट असते तसा, जमिनीपासनं १८ इंच उंच आणि पोस्टपासनं १५ इंच रुंद. १८ इंच का तर गोलच्या आत तळाला असलेल्या फळीची, बॅकबोर्डची, उंची तीच आहे, ४६० मिलिमीटर, आणि पेनल्टी कॉर्नरला पहिली हिट मारली तर ती गोललाइनवर त्या उंचीच्या आतच असावी लागते. फ्लिकला ते बंधन नाही म्हणून तर सगळ्यांना फ्लिक पाहिजे असते. पण पोरीला लहानपणीच "फळी वाजली पाहिजे" हे डोक्यात बसू दे.

वरची भोकं १५ बाय १५ पुरेत. बॉलचा व्यास तीन इंचाच्या आत असतो, तिला भोक फार लहान वाटणार नाही. आता बघा, गोलकीपरची स्टिक उजव्या हातात असते, म्हणजे मारणारीच्या डाव्या हाताला. मला स्वतःला कायम त्या बाजूचा खांद्याच्या वरचा बॉल जड गेलाय, डाव्या हाताचा ग्लोव्ह पटकन वर जातो पण स्टिक घेऊन उजवा हात वर न्यायचा म्हणजे क्षणभर उशीर होतोच. म्हणून तिच्या डाव्या बाजूचं वरचं भोक आधी. ते जमलं की उजवं. पाचवं एक छोटं भोक पायांच्या मधी करतात त्याची गरज नाही, चांगली कीपर स्ट्रोकला तिथं जागा सोडत नाही.

आणि मधी गोलकीपर काढाच, नुसती कोरी ताडपत्री नको. नजर कीपरवर जाते आणि बॉल पण तिथंच जातो, ती नजर सोडवायची सवय चित्र असल्याशिवाय लागत नाही.

उद्यमनगर_फॅब्रिकेशन

फ्रेमचं मी सांगतो. दीड इंची जीआय पाइप घ्या, पाइप २० फुटी येतो. दोन पाइप लागतील. एकातनं १३ फुटाची आडवी, उरलेल्या सातमधनं मागचे टेके. दुसऱ्यातनं नऊ-नऊ फुटाचे दोन खांब. खांब डायरेक्ट कोब्यात पक्के करू नका, दोन इंची पाइपचे दीड फुटाचे तुकडे जमिनीत काँक्रीट करून गाडा आणि खांब त्यात उतरवा, पावसाळ्यात सगळं उपसून आत ठेवता येतंय. वळवाच्या वाऱ्यात एवढी मोठी ताडपत्री शिडासारखी भरते, भोकं असली तरी, म्हणून ढग दिसले की काढायचीच. खांबांना पोतं गुंडाळा, पाइपला लागून बॉल कुठं जाईल सांगता येत नाही.

खाली वजन पाहिजे म्हणून पाइप किंवा सळी घालायचा मोह होतो, ते करू नका. मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये वाळू भरून दोन्ही तोंडं तारेनं आवळा आणि मधल्या भागाच्या खालच्या दुमडीत घाला. कोपरे उघडेच ठेवायचेत, ताईंनी सांगितलंय तसं.

फळी वाजायची हौस असेल तर मागं प्लायवुड नको, बॉल परत येतो. खालच्या दोन्ही कोपऱ्यांच्या मागं पत्र्याचे तुकडे साखळीनं टांगा, कडा दुमडून. वाजतंय पण झोका घेतंय, बॉल तिथंच पडतोय. कंपाउंडच्या बाजूनं मात्र क्रिकेटची नायलॉनची जाळी दहा फुटापर्यंत लावाच, त्यात काटकसर करू नका. या सगळ्याला लागणारा वेळ म्हणजे एक रविवार.

जुना_राइटआउट

कोब्याचं राहिलं. कोब्यावर ड्रॅग केला की स्टिकचं टोक महिन्यात झिजून पांढरं होतंय. लॅमिनेट लावलेल्या प्लायचा चार बाय तीनचा तुकडा, सुताराकडं पडलेला असतोय, तो ठिपक्यावर टाका, चकचकीत बाजू वर. त्यावर ड्रॅग टर्फइतका नाही पण बराच जवळ जातो. पावसात मात्र त्यावर पाय ठेवू देऊ नका, घसरतंय.

कळंबेकर_पप्पा

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय कारण ताडपत्रीवाल्यानं शिलाईला आठ दिवस घेतले. ट्रकची उतरवलेली पीव्हीसी लक्ष्मीपुरीत मिळाली, काळपट हिरवी, एका बाजूला नंबर खरवडलेला अजून दिसतोय. खर्च बजेटच्या वर गेला, मुख्य जाळीमुळं, पण जाळी लावली ते बरं झालं, पहिल्याच दिवशी दोन बॉल तिच्यात अडकले.

एक चूक झाली ती सांगतो म्हणजे दुसऱ्या कुणाची होऊ नये. मी ताडपत्री बरोबर १२ फुटाचीच कापून घेतली, मग पोस्टला ट्यूबनं बांधल्यावर ती ताणली गेली आणि बॉल उलटा यायला लागला. ताडपत्रीवाल्याकडनं मधी एक फुटाचा जोड टाकून घेतला, आता चुण्या पडून लोंबते आणि बॉल धप्प करून खाली.

गोलकीपर पोरीनं स्वतः काढला, पांढऱ्या ऑइल पेंटनं, पॅड, हेल्मेट सगळं, आणि छातीवर १६ नंबर. भारताचा गोलकीपर श्रीजेश रिटायर झाल्यावर हॉकी इंडियानं सिनियर टीममधनं तो नंबरच काढला, म्हणून आमच्या घरात तो उभा राहणार म्हणाली. मी म्हटलं अगं श्रीजेशला गोल मारणार तू, तर म्हणते मग काय सोप्या कीपरला मारून उपयोग काय.

रोज साठ शॉट, ती वहीत लिहिते. डाव्या बाजूचं वरचं भोक पहिल्या आठवड्यात साठात चार, काल अकरा. खालचा उजवा पत्रा मात्र सारखा वाजतोय, ठण्ण करून, तीन घरं सोडून ऐकू जातो. काकूंनी जाळी बघून हायसं वाटलं म्हणून सांगितलं आणि एकच अट घातली, संध्याकाळी त्यांची मालिका लागायच्या आत पत्रे उतरवायचे, तेवढं पोरगी न सांगता करते.

गोलीताई

साठात अकरा म्हणजे लई भारी, वही जपून ठेवायला सांगा. दिवाळीच्या सुट्टीत मी कोल्हापुरात आहे, पॅड घेऊन येते, ताडपत्री एक दिवस बाजूला करा.

कळंबेकर_पप्पा

ताई नक्की या. तिला आत्ताच वाचून दाखवलं, ती परत मागं गेलीय.